दिवाणाखालचं मांजर बाहेर कसं येईल?

नवं मांजर घरात आलं आणि थेट दिवाणाखाली जाऊन बसलं की घरातल्या प्रत्येकाला उपाय सुचतो. कोणी वाटीत दूध ओततं, कोणी मोबाईलचा टॉर्च मारून बघतं, कोणी झाडूच्या दांड्याने हलकेच ढोसतं आणि घरातलं सगळ्यात धाकटं माणूस पालथं पडून हात आत घालतं. यातलं काहीच चालत नाही. मांजर आणखी मागे सरकतं, भिंतीला टेकून अंग चोरून बसतं. संध्याकाळपर्यंत ‘रानटीच दिसतंय हे’ असा निकाल लागलेला असतो.

रानटी वगैरे काही नसतं. अनोळखी जागा, बाहेर पडायची वाट माहीत नाही आणि डोळ्यांसमोर फक्त माणसांचे पाय, अशा अवस्थेत ते बसलेलं असतं. अशा मांजराची भीती कमी होते ती निर्णय त्याच्या हातात आल्यावर. कुठे बसायचं, कधी बाहेर यायचं, कोणाला हात लावू द्यायचा हे त्याने ठरवायचं. लाड नंतर. हे वाचायला सोपं आहे, पण ठाण्यातल्या किंवा नवी मुंबईतल्या वन बीएचकेमध्ये कुकर, मिक्सर, डोअरबेल आणि चार माणसांच्या गराड्यात ते जमवायचं कसं, हा खरा प्रश्न.

मांजर इतकं घाबरतं का?

मांजर शिकारी आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं. त्याची स्वतःचीही शिकार होऊ शकते, हे मात्र आपण विसरतो. घरातल्या मांजराचा पूर्वज म्हणजे उत्तर आफ्रिका आणि पश्चिम आशियातलं छोटं रानमांजर, एकटं राहणारं आणि एकट्याने शिकार करणारं. लांडग्याचा पाय दुखावला तर कळपाने मारलेल्या शिकारीत त्याला वाटा मिळतो. एकट्या शिकाऱ्याचा पाय दुखावला की त्याला उपास. त्यामुळे मारामारी हा मांजरासाठी फार महागातला सौदा आहे आणि ते तो शेवटपर्यंत टाळतं. आधी पळणं, पळता आलं नाही तर लपणं, लपता आलं नाही तर निपचित बसून राहणं, आणि सगळंच खुंटलं की पंजा. आपल्या हातावर ओरखडा उमटतो तेव्हा आधीच्या तिन्ही वाटा बंद झालेल्या असतात, आणि बहुतेक वेळा त्या आपणच बंद केलेल्या असतात.

माणसाशी मांजराची ओळख जुनी आहे. सायप्रस बेटावर सुमारे ९,५०० वर्षांपूर्वीच्या एका दफनात माणसाशेजारी पुरलेलं मांजर सापडलं आहे. पण कुत्र्याला माणसाने कामासाठी घडवलं तसं मांजराला फारसं घडवलं नाही. धान्याला उंदीर लागले, उंदरांमागे मांजर आलं आणि राहिलं. कुत्रं माणसाचं आणि मांजर घराचं असं आपल्याकडे म्हणतात त्यात तथ्य आहे. मांजराची सुरक्षिततेची भावना ओळखीच्या जागेशी घट्ट बांधलेली असते, आणि आपण नेमकी तीच जागा एका दुपारी रिक्षातून आणताना बदलून टाकलेली असते.

त्यात प्रत्येकाचा पिंड वेगळा. पिल्लाच्या दुसऱ्या ते सातव्या आठवड्यात त्याला माणसाचे हात, आवाज, वास यांची सवय झाली तर पुढे माणूस ही त्याला घाबरायची गोष्ट वाटत नाही. घोडबंदर रोडच्या एखाद्या कॉम्प्लेक्सच्या पार्किंगमध्ये जन्मलेलं आणि तीन महिन्यांचं झाल्यावर पकडलेलं पिल्लू ही संधी हुकवून आलेलं असतं. शिवाय स्वभाव बापाकडूनही येतो. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात माणसाळलेल्या बोक्यांची पिल्लं नव्या गोष्टींना जास्त धीटपणे सामोरी गेली. बोका पिल्लांकडे ढुंकूनही बघत नाही, तरी! तेव्हा शेजारच्यांचं मांजर दुसऱ्या दिवशी मांडीवर झोपतं आणि आपलं महिनाभर कपाटामागे राहतं, याचा आपल्या प्रेमाशी काही संबंध नाही.

घर नाकाने वाचलं जातं

मांजर दाराच्या चौकटीला, खुर्चीच्या पायाला, आपल्या पोटरीला गाल घासतं ते आपण बघतो. त्याच्या गालांत, हनुवटीत, कपाळावर, शेपटीच्या मुळाशी आणि पंजांत गंधग्रंथी असतात. घासलं की तिथे त्याचा वास राहतो. आपल्याला त्याचा पत्ता लागत नाही, मांजराला मात्र तो ‘इथून आपण सुखरूप गेलो होतो’ असं सांगतो. अशा खुणा चार-सहा दिवसांत घरभर जमतात आणि त्यांच्या आधाराने ते एकेक पाऊल पुढे टाकतं.

आणि मग सकाळी नऊला लादी पुसली जाते, बादलीत टोपणभर फिनेल टाकून. ठाणे स्टेशनच्या पादचारी पुलावरचे सगळे फलक कोणी रातोरात उतरवले तर नवख्या माणसाचं जे होईल, ते त्या मांजराचं रोज होतं. म्हणून सुरुवातीचे दोन-तीन आठवडे मांजराच्या खोलीत फरशी साध्या पाण्याने पुसा आणि भिंतींचे कोपरे, दिवाणाचे पाय, दाराची खालची चौकट चक्क तशीच सोडा. घर जरा मळकट दिसेल, दिसू दे. फिनेलबद्दल आणखी एक सांगायला हवं. फिनॉल असलेली जंतुनाशकं मांजराच्या शरीराला नीट निचरता येत नाहीत, कारण त्यासाठी यकृतात लागणारी यंत्रणा त्यांच्यात दुबळी असते. ओल्या लादीवरून चाललेलं मांजर नंतर पंजे चाटतं आणि ते पोटात जातं. डांबर गोळ्याही मांजराला विषारी. कपाटाच्या तळाशी पडलेल्या असतील तर आधी त्या उचला, कारण घाबरलेलं मांजर नेमकं तिथेच जाऊन बसेल.

वासाचा उपयोग आपल्या बाजूनेही करता येतो. मांजर येईल तेव्हा त्याच्या जुन्या जागेवरचा फडका, टॉवेल, जे काही असेल ते न धुता आणा. ते हात लावू देत असेल तर स्वच्छ सुती मोज्याने त्याचे गाल हलके पुसून तो मोजा खोलीतल्या कोपऱ्यांवर, त्याच्या डोक्याच्या उंचीला, फिरवा. गालातल्या या गंधाची नक्कल असलेले प्लगमध्ये लावायचे डिफ्युझर बाजारात मिळतात. काही मांजरांना त्यांचा फायदा होतो, काहींना ढिम्म फरक पडत नाही. पैसे मोजायचेच असतील तर आधी खिडकीच्या जाळीवर मोजा. त्याबद्दल पुढे.

एक खोली आणि एक खोका

पहिल्या दिवशी सगळं घर मोकळं सोडू नका. मोठी जागा म्हणजे जास्त स्वातंत्र्य हे माणसाचं गणित झालं. घाबरलेल्या मांजराला मोठी जागा म्हणजे लक्ष ठेवायला जास्त कोपरे. एक खोली पुरे. हॉल नको, तिथे मुख्य दार असतं, टीव्ही असतो, पार्सलवाले असतात. बेडरूम बरी. मांजर येण्याआधी त्या खोलीत स्वतः गुडघ्यांवर बसून पाहणी करा. हायड्रॉलिक दिवाणाच्या पोटात जायला फट आहे का? असेल तर बुजवा, आणि तो दिवाण बंद करताना रोज आत डोकवायची सवय घरातल्या सगळ्यांना लावा. ज्या कोपऱ्यातून त्याला गरज पडल्यास सुखरूप काढता येणार नाही, तो कोपरा बंद. बाकी लपायच्या जागा बंद करायच्या नाहीत, उलट वाढवायच्या.

इथे सगळ्यात गुणाची वस्तू फुकट मिळते, ती म्हणजे पुठ्ठ्याचा खोका. नेदरलँड्समधल्या एका निवारागृहात नव्याने आलेल्या १९ मांजरांपैकी काहींना लपायला खोका दिला आणि काहींना दिला नाही. खोकावाली मांजरं पहिल्या काही दिवसांत स्पष्टपणे लवकर सावरली. हा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. लपलेलं मांजर माणसाळायचं राहून जातं अशी अनेकांची समजूत असते, घडतं उलटं. लपायची हुकमी जागा असली की ते तिथून डोकं बाहेर काढून घर बघतं आणि बघता बघता सरावतं. खोक्याला दोन तोंडं कापा, एकातून कोणी आलं तर दुसऱ्यातून जाता आलं पाहिजे. एखादा खोका उंचावरही ठेवा. कपाटाच्या माथ्यावर जायला मध्ये स्टूल किंवा टेबल अशी चढण दिली तर बरीच मांजरं दिवाणाखालपेक्षा तिथे रमतात. वरून सगळं दिसतं आणि पाठीमागून कोणी येत नाही.

खाणं, पाणी आणि लिटरचा ट्रे (लिटर म्हणजे मांजराच्या शी-शूसाठीची वाळू) एका ओळीत मांडू नका. आपणही संडासाच्या दारात पाट मांडत नाही. ट्रे मोठा असावा, मांजराच्या लांबीच्या दीडपट तरी, लिटर बिनवासाचं, आणि सुरुवातीला झाकण नको, कारण झाकणाच्या ट्रेला एकच दार असतं. नवी मुंबईत सिडकोच्या जुन्या छोट्या घरांत ट्रे हमखास वॉशिंग मशीनशेजारी जातो. ट्रेमध्ये बसलेलं असताना मशीनने एकदा स्पिन घेतला की मांजर त्या ट्रेचं नाव काढत नाही आणि मग गादीवर लघवी होते. त्याला शिक्षा करून उपयोग शून्य. ट्रे हलवा.

आणि ते वाटीतलं दूध. मोठ्या झालेल्या बऱ्याच मांजरांना दूध पचत नाही, जुलाब होतात. मांजर आणि दूध ही जोडी म्हणींपुरती ठेवावी.

न बघता बसणं

कोपरीला राहणाऱ्या माझ्या मावशीकडे बुंदी नावाची मांजरी आहे. आली तेव्हा शिवणयंत्राच्या मागून हलत नव्हती. मावशीने तिला बाहेर काढायचा प्रयत्नच केला नाही. रोज दुपारी त्या खोलीत जमिनीवर, बुंदीकडे पाठ करून, वर्तमानपत्र पसरून भाजी निवडत बसायची आणि एकटीच पुटपुटायची, महागाईपासून सोसायटीच्या पाण्यापर्यंत सगळ्यावर. मी एकदा दाराच्या फटीतून बघितलं. बुंदी पोट जमिनीला लावून पुढे आली, मान लांब केली, पण मागचे दोन्ही पाय यंत्राखालीच ठेवले. वर्तमानपत्राच्या कडेला पडलेल्या मेथीच्या काडीचा वास घेतला. मावशीचा हात जुडीकडे गेला तशी ती झपकन मागे गेली. मावशीने मान वळवली नाही. मिनिटभराने पुन्हा नाक बाहेर.

यात मांजराच्या दृष्टीने महत्त्वाचं सगळं आहे. माणूस खाली बसलेला, म्हणजे आकाराने लहान. नजर रोखलेली नाही, कारण मांजरांच्या जगात टक लावून बघणं ही धमकी असते. आवाज संथ आणि रोजचा. वेळ ठरलेली. आणि मागचे पाय यंत्राखाली राहू दिले, म्हणजे परतीची वाट तिच्याकडे राहिली.

बघायचंच असेल तर डोळे हळू मिटून हळू उघडा. ही नुसती मांजरवेड्यांची समजूत नाही. इंग्लंडमधल्या ससेक्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० मध्ये दाखवलं की माणसाने असे डोळे मिटले की मांजरंही जास्त वेळा तसंच करतात, आणि निर्विकार चेहऱ्याच्या अनोळखी माणसापेक्षा असे डोळे मिटणाऱ्याच्या हाताजवळ जायला ती जास्त राजी असतात.

जवळ आलं की लगेच हात डोक्यावर न्यायचा नाही. वरून येणारा हात म्हणजे घारीचा पंजा. एक बोट त्याच्या नाकाच्या उंचीला, थोडं दूर, स्थिर ठेवा. वास घेऊन त्याने गाल घासला तर गालावर, हनुवटीखाली दोन-तीन सेकंद खाजवा आणि थांबा. थांबणं महत्त्वाचं. त्याने पुन्हा डोकं पुढे केलं तर पुढे, नाही तर आजचं झालं. पोटाला हात लावायचा नाही, ते लोळून पोट दाखवत असलं तरी. तो विश्वास असतो, आमंत्रण नसतं.

आता गफलत कुठे होते ते सांगतो. भीती म्हणजे फिसकारणं, पिंजारलेली शेपूट आणि कमानीसारखी पाठ, हे चित्र आपल्या डोक्यात पक्कं असतं. ती तर अगदी टोकाची अवस्था. रोजची भीती शांत असते. कान किंचित बाजूला पडलेले, उजेडातही बाहुल्या मोठ्या, चारही पंजे जमिनीवर टेकवून उठायच्या तयारीत बसलेलं, शेपूट अंगाला लपेटलेली. पाहुण्यांनी उचलून घेतल्यावर अजिबात हालचाल न करणारं मांजर ‘किती गरीब आहे हो’ म्हणून कौतुकाला पात्र ठरतं, प्रत्यक्षात ते गोठलेलं असतं. डोळे मिटून पडलेलं मांजरसुद्धा नेहमी झोपलेलं नसतं. कान बघा. लिफ्टचं दार वाजल्यावर कान त्या दिशेला वळत असतील तर ते जागं आहे. घुरघुरणंही फसवं, कारण दुखत असतानाही मांजर घुरघुरतं.

आवाज

माणसाला साधारण २० किलोहर्ट्झपर्यंत ऐकू येतं, मांजराला ६४ किलोहर्ट्झच्या आसपास. उंदराच्या पिल्लाचं चिरचिरणं टिपण्यासाठी हे कान आहेत आणि त्यांच्या नशिबी टेंभी नाक्याची दहीहंडी आली. घोडबंदर रोडला मेट्रो ४ च्या कामाची धडधड वर्षानुवर्षं आहेच. दहीहंडीचे डीजे, मग गणपतीचे ढोल, मग नवरात्र, मग दिवाळी, असा आपला हंगाम सलग चालतो.

आवाजाची सवय लावता येते, पण मात्रा सांभाळून. ‘एकदा मिक्सर लावला की होईल सवय’ हा प्रकार उलटतो. भीती एका पातळीच्या पलीकडे गेली की मेंदू नवीन काही शिकत नाही, फक्त ‘ही जागा धोक्याची’ एवढं पक्कं करतो. त्या पातळीच्या अलीकडे राहायचं. मिक्सर स्वयंपाकघरात, मांजर दोन दारं पलीकडे, आवाज दोन सेकंद, आणि त्याच क्षणी समोर उकडलेल्या चिकनचा तुकडा. मीठ, कांदा, लसूण न घातलेला, कारण कांदा-लसूण मांजराला विषारी असतात. त्याने खाल्लं तर अंतर बरोबर आहे. खाणं सोडून कान पाडले तर आपण फार जवळ आहोत. खाणं हे इथे लाच कमी आणि मोजपट्टी जास्त. फटाक्यांची तयारी जून-जुलैत सुरू करावी लागते. मोबाईलवर फटाक्यांचा आवाज अगदी बारीक लावायचा आणि खाणं द्यायचं. आवाज इतक्या हळू वाढवायचा की वाढवलाय हे आपल्याला आठवावं लागलं पाहिजे.

ऐन दिवाळीत मात्र शिकवण्या बंद. वसुबारसेपासूनच आतली खोली, खिडक्या बंद, जाड पडदे, पंखा फुल, खोक्यावर चादर. फार घाबरणाऱ्या मांजरासाठी पशुवैद्य गॅबापेंटिनसारखं औषध देतात आणि ते घ्यायला कचरू नये. आठ दिवस थरथरत काढण्यापेक्षा ते बरं. पण मात्रा डॉक्टरचीच. माणसांच्या डब्यातली पॅरासिटामॉलची गोळी मांजराचा जीव घेते, अर्धी असली तरी.

जाळी आणि दार

घाबरलेलं मांजर विचार करून पळत नाही, फट दिसेल तिकडे सुटतं. अठराव्या मजल्यावर ती फट बाल्कनीची असू शकते. मांजर चार पायांवर पडतं हे खरं, पण चार पायांवर पडूनही जबडा, छाती आणि पाय मोडतात. कबुतरांसाठी लावलेली नायलॉनची जाळी मांजर चावून किंवा ओरबाडून भोक पाडू शकतं. स्टीलची बारीक जाळी लावा, निदान मांजराच्या खोलीच्या खिडकीला तरी. स्लायडिंग खिडकीच्या मच्छरदाणीवर विसंबू नका, ती डोक्याच्या धक्क्याने सरकते.

मुख्य दाराशी घरकामाच्या मावशींना आणि पार्सल घेणाऱ्या प्रत्येकाला एकच नियम सांगा, आधी बेडरूमचं दार बंद, मग हे दार उघडायचं. तरी निसटलंच तर लांब शोधायला धावू नका. बुजरं मांजर बहुतेक वेळा जवळच, आवाज न करता दबून बसतं. त्याच मजल्याचा डक्ट, जिन्याखालची जागा, पोडियमवरच्या गाड्यांखाली बघा. रात्री दोन-अडीचला, वॉचमनला सांगून, टॉर्च घेऊन जा. उजेडात डोळे चमकतात. नावाने हाका मारत दहा जणांनी फिरलं तर ते आणखी आत जाईल.

ही भीती नसेल तर?

काही गोष्टींत थांबायचं नसतं. नवं मांजर पहिला दिवस खात नाही आणि घर झोपल्यावर रात्री खातं, म्हणून सकाळी वाटी बघा. पूर्ण दिवस काहीच पोटात गेलं नसेल तर डॉक्टरला फोन करा. दोन-तीन दिवस उपाशी राहिलेल्या मांजराच्या यकृतात चरबी साठू लागते आणि ते प्राणावर बेततं. विशेषतः जाड मांजरांचं.

बोका वारंवार ट्रेमध्ये बसतोय, कण्हतोय आणि लघवी होत नाहीये, असं दिसलं तर सकाळची वाट बघू नका. ताणामुळे मांजरांच्या मूत्राशयाला सूज येते आणि बोक्यांचा मूत्रमार्ग अरुंद असल्याने तो तुंबू शकतो. एक-दोन दिवसांत जीव जातो. आणि इतकी वर्षं घरभर फिरणारं मांजर अचानक कपाटात बसायला लागलं तर त्याला बहुधा दुखतंय. दात, सांधे, पोट, काहीही असू शकतं. अशा वेळी खोका आणि मेथी निवडणं कामाचं नाही.

डॉक्टरकडे न्यायचा पिंजरा माळ्यावर ठेवू नका. तो वर्षभर खोलीतच, दार काढून, आत जुना टॉवेल घालून पडू द्या. अधूनमधून आत खाऊ टाका. वर्षातून एकदा फक्त इंजेक्शनच्या दिवशी दिसणारा पिंजरा बघून मांजर पळणारच. वरून उघडणारा घ्या. रिक्षात त्यावर चादर टाका आणि दवाखान्यात तो जमिनीवर, कुत्र्यांच्या नाकासमोर न ठेवता मांडीवर किंवा खुर्चीवर ठेवा.

किती दिवस लागतात? पिल्लू आठवड्याभरात सरावेल, मोठं मांजर काही आठवडे घेईल, रस्त्यावर वाढलेलं मोठं मांजर काही महिने. काही मांजरं मांडीवर कधीच येत नाहीत. त्याच खोलीत, दोन हात लांब, पाय पसरून झोपणं हीच त्यांची जवळीक असते.

‘एकटं आहे म्हणून घाबरतं, जोडीला दुसरं आणूया’ हा सल्ला सोसायटीत कोणीतरी देतंच. घाईने ऐकू नका. आधीच जागेची खात्री नसलेल्या मांजराला त्या जागेत वाटेकरी मिळतो. दुसरं आणायचंच असेल तर पहिलं घरभर निर्धास्त फिरू लागल्यावर, वेगळी खोली, दोन मांजरांना वेगवेगळे ट्रे आणि वर एक जादा असा हिशोब करून. काही दिवस नुसते फडके बदला, याचा त्याच्याकडे, त्याचा याच्याकडे. मग बंद दाराच्या दोन्ही बाजूंना खाणं ठेवा, आधी दारापासून लांब. दोघंही दाराला चिकटून निवांत जेवू लागली की मग दार बोटभर उघडायचं.